हेमुल पाजॉन: पात बडोद्याची, कोळंबी वेरावळची

हेमुल पाजॉन म्हणजे पातीचा कांदा, कोळंबी, माकूळ (स्क्विड), थोडं पीठ आणि सढळ तेल. घावन-धिरडी ज्या घरात नेहमी होतात तिथे हा कोरियन पदार्थ जमायला हवा. पण नेमकी ती सवयच इथे आडवी येते. धिरड्यात पीठ मुख्य असतं आणि बाकीचं त्यात घातलेलं असतं. पाजॉनमध्ये पात मुख्य, आणि पीठ तिला धरून ठेवण्यापुरतं. हे प्रमाण उलटं झालं की ताटात येतं ते जाड, मधे पिठूळ राहिलेलं कांद्याचं धिरडं. चवीला वाईट लागत नाही, पण ते पाजॉन नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पात पोकळ नळ्यांत पाणी धरून ठेवते, कोळंबी पाणी सोडते, माकूळ त्याहून जास्त सोडतं, आणि माल फ्रोझन असेल तर विचारूच नका. पाजॉन नरम पडण्याची कारणं लोक पिठात शोधतात, तेलात शोधतात. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. म्हणून पुढच्या कृतीत अर्धा वेळ नुसतं कोरडं करण्यात जातो, आणि तो वाचवू नये.

बडोद्यात याचा खरा हंगाम हिवाळा. कोरियात पाजॉन पावसाळी हवेत खातात. बाहेर पाऊस लागला की पाजॉन आणि माकगोली, म्हणजे तांदळाची दुधाळ दारू. आपल्याकडे त्या दिवसांत सगळंच उलटं. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि पातही चिखलाने भरलेली, दुसऱ्या दिवशी चिकट होणारी. डिसेंबर ते फेब्रुवारी, उंधियूच्या दिवसांत, लीली डुंगळी (पातीचा कांदा) आणि लीलुं लसण (पातीचा लसूण) यांचे ढीग लागलेले असतात. पात लांब, कोवळी आणि स्वस्त. माकगोलीचं म्हणाल तर गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटतो. सोलकढी चांगली जाते. ताकही चालतं, फक्त जिऱ्याची फोडणी नको.

पात निवडताना

कोरियात यासाठी जोकपा नावाची बारीक पात वापरतात: काडी सडसडीत, तळाशी कांदा जेमतेम फुगलेला. आपल्या बाजारात पातीच्या टोकाला लिंबाएवढा कांदा असतो. तो कापून बाजूला ठेवा, भाजीला होईल. पाजॉनमध्ये तो कच्चा राहतो आणि त्या जागी पाजॉन उलटताना फाटतं. खंडेराव मार्केटला सकाळी गेलात तर लहान कांद्याच्या, बारीक पातीच्या जुड्या निवडून घेता येतात. उशिरा गेलात तर उरलेलं घ्यावं लागतं.

पात धुतल्यावर जुडी उलटी धरून जोरात झटका. हिरव्या नळ्यांच्या आत पाणी अडकून बसतं आणि वरून पुसून ते निघत नाही. नळी अंगठ्याएवढी जाड असेल तर उभी चिरा आणि आतून पुसा. आतला बुळबुळीत रसही त्यासोबत निघून जातो. पांढरा भाग सुरीच्या पात्याने सपाट दाबून चेचून घ्या, म्हणजे तो हिरव्या भागाच्या बरोबरीने शिजतो. मग तव्याच्या रुंदीपेक्षा दोन बोटं कमी लांबीचे तुकडे करा. बारीक चिरू नका. लांब पात आडवी पसरली की तीच पाजॉनचा सांगाडा होते. चिरलेल्या पातीचं सगळं वजन पिठावर येतं आणि मग पीठ वाढवावं लागतं.

लसणाची पात यात मूळची नाही, पण मोसमात असेल तर दहा-बारा काड्या घालाव्यात. त्याहून जास्त घातल्यास कोळंबीची चव मागे पडते.

कोळंबी आणि माकूळ

वेरावळ हे गुजरातचं मोठं मासेमारी बंदर आणि तिथून माकूळ व कोळंबी भरपूर बाहेर जातात. बडोदा मात्र किनाऱ्यापासून आत, त्यामुळे इथे ताजा म्हणून मिळणारा मालही बर्फात प्रवास करून आलेला असतो. पर्याय दोनच: मासळीवाल्याकडून वासाने आणि हाताने पारखून घेणं, किंवा फ्रोझन पाकीट. पाजॉनसाठी फ्रोझन घ्यायला काही कमीपणा नाही, फक्त त्याचा स्वभाव माहीत हवा.

फ्रोझन कोळंबीवर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो. तो गोठवणीत ती सुकू नये म्हणून असतो, पण वितळल्यावर वजन घटतं. शिवाय अनेकदा कोळंबी पाणी धरून राहावी म्हणून तिला सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेलं असतं. ते पाणी ती तव्यावर सोडते. पाकिटावर घटक वाचा. नुसती कोळंबी आणि मीठ लिहिलेलं असेल ते उचला. 180 ग्रॅम साफ माल हवा असेल तर 250 ते 300 ग्रॅम आणावा. पाकिटावर 41/50 असा आकडा असतो, म्हणजे एका पौंडात 41 ते 50 नग. एक नग साधारण 10 ग्रॅमचा. हा आकार चांगला. मोठी कोळंबी घेतली तरी शेवटी चिरायचीच आहे.

आदल्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत आणि चाळणीखाली भांडं, असं ठेवा. ओट्यावर ठेवून किंवा गरम पाण्यात वितळवू नका. बाहेरचा भाग मऊ पडतो, आतला गोठलेलाच राहतो, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात तर ते धोक्याचंही. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही.

कोळंबीचा काळा धागा काढा आणि पाठीतून उभे दोन भाग करा. अख्खी कोळंबी गोल होऊन वर उचलली जाते आणि उलटल्यावर पाजॉन तव्याला सपाट टेकतच नाही. अर्धी केलेली पातीवर चपटी बसते.

माकूळ अख्खं आणलं असेल तर डोकं ओढून काढा, त्यासोबत आतडी आणि शाईची पिशवी येते. आत प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी पारदर्शक काडी असते, ती ओढून घ्या. डोळे आणि तोंडातली टणक चोच काढून टाका, वरचं जांभळट कातडं नखाने सोलून टाका. मग धडाची पोकळ नळी उघडून सपाट करा आणि बोटभर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. दुकानात कापलेल्या चकत्या मिळतात. त्या तशाच घालू नका, एका जागी कापून उघडा. बंद चकती आकसते आणि पीठ आपल्यासोबत वर ओढते. माकूळ एकतर दोन-तीन मिनिटांत शिजवावं नाहीतर तासभर. मधल्या वेळात ते रबर होतं. पाजॉनमध्ये पहिला मार्गच शक्य आहे, म्हणून पट्ट्या पातळ हव्यात.

आता कोरडं करणं. ताजा माल असेल तर सुती फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं दाबून ठेवला की पुरे. फ्रोझनला एवढ्याने भागत नाही. कोरडं पॅन चांगलं तापवा, तेल न घालता कोळंबी आणि माकूळ टाका, 40 सेकंद हलवा आणि लगेच चाळणीत ओता. कोळंबीच्या कडा गुलाबी झाल्या, आतून कच्ची आहे, असं हवं. खाली जमलेलं पाणी फेकू नका. गार करून पिठात वापरा. हे केलं नाही तर तेच पाणी पाजॉनच्या पोटात सुटतं आणि वाफ होऊन सगळं नरम करतं.

सोललेल्या कोळंबीची टरफलं 300 मिली पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळली आणि फ्रीजमध्ये थंड केली तर साध्या पाण्याऐवजी ते पाणी पिठाला उत्तम. उरलेला चोथा पिशवीत बांधून कचऱ्याची गाडी येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा. शाकाहारी सोसायटीत राहणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको.

पीठ

कोरियात बुचिमगारू नावाचं तयार पीठ मिळतं: मैदा, स्टार्च, मीठ, बेकिंग पावडर, थोडी लसूण-कांद्याची पूड. ऑनलाइन मिळतं, पण मुद्दाम मागवायची गरज नाही. 24 सेंटिमीटरच्या दोन पाजॉनसाठी: मैदा 100 ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर 30 ग्रॅम, तांदळाचं पीठ 20 ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, लसणाची दोन पाकळ्यांची गोळी, बर्फाचं थंड पाणी 210 ते 230 मिली. याशिवाय साफ केलेली पात 200 ग्रॅम, कोळंबी 100 आणि माकूळ 80 ग्रॅम, एक अंडं, दोन हिरव्या मिरच्या तिरक्या चिरून, आणि पातीवर भुरभुरायला दोन मोठे चमचे मैदा. पातीचं वजन पिठाच्या वजनापेक्षा जास्त आहे हे लक्षात घ्या, आणि ते तसंच राहू द्या.

मैद्यातलं ग्लुटेन पाजॉन तुटू देत नाही, पण जास्त झालं की चामट होतं. म्हणून त्यात ग्लुटेन नसलेलं कॉर्नफ्लॉवर आणि तांदळाचं पीठ मिसळायचं. कडा कुरकुरीत होतात त्या यांच्यामुळे. एकटं स्टार्च वाढवत नेलं तर वरून काचेसारखं आणि आतून चिकट होतं, तेव्हा दोन्ही मिळून एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ नका. तांदळाचं पीठ बारीक हवं. भाकरीचं रवाळ पीठ वापरलं तर दाताखाली कचकच लागते.

पाणी थंड कशासाठी? ग्लुटेन सावकाश तयार होतं म्हणून. त्याच कारणाने फेटायचंही नाही. कोरडे घटक चाळा, पाणी एकदम ओता, दहा-बारा वेळा ढवळा आणि थांबा. गुठळ्या राहिल्या तरी चालतील. घट्टपणा डोशाच्या पिठापेक्षा पातळ आणि घावनापेक्षा दाट. मे महिन्यात करणार असाल तर पीठ शेवटी भिजवा आणि पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा. इनो किंवा खायचा सोडा घालू नका; सोड्याचा वास येतो आणि रंग लवकर काळपट होतो.

तव्यावर

आपला पोळीचा तवा खोलगट असतो. तेल मधे जमतं, कडा कोरड्या राहतात, आणि कुरकुरीत व्हायच्या असतात त्या कडाच. सपाट बिडाचा डोसातवा किंवा 24-26 सेंटिमीटरचं फ्रायपॅन घ्या. नॉनस्टिकवर उलटणं सोपं, बिडावर रंग चांगला. इंडक्शनवर मधला भाग जास्त तापतो, तिथे पॅन दर मिनिटाला थोडं सरकवत राहावं.

तेल रिफाइंड हवं: सूर्यफूल, राइसब्रान किंवा कपासिया (सरकीचं). घाणीचं सिंगतेल आपल्याकडे घराघरात असतं आणि भज्यांना ते लागतंच, पण इथे शेंगदाण्याचा वास कोळंबीवर बसतो. कोरियन, म्हणजे भाजक्या तिळाचं तेलही तळायला नाही, ते चटणीत थेंबभर.

पातीवर कोरडा मैदा भुरभुरा आणि हाताने चोळा. ही पायरी बरेच जण गाळतात. उरलासुरला ओलावा मैदा पितो आणि पीठ पातीला चिकटायला जागा मिळते. एरवी गुळगुळीत पातीवरून पीठ ओघळतं आणि पाजॉन कापताना पात सुटी होऊन बाहेर येते.

पॅनमध्ये तीन मोठे चमचे तेल मध्यम-मोठ्या आचेवर तापवा. पिठाचा थेंब टाकला की लगेच चरचरून वर यायला हवा. अर्धी पात पिठात बुडवून निथळा आणि तव्यावर शेजारी-शेजारी, एक मुळाकडून एक टोकाकडून अशी उलटसुलट लावा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. फटी दिसल्या तर तिथे चमच्याने थोडं पीठ सोडा. मग निम्मी कोळंबी आणि माकूळ पसरा, मिरची टाका, वरून दोन-तीन चमचे पीठ शिंपडा. अंडं फेटून त्यातलं अर्धं अगदी वरून, कडा सोडून ओता. ते कोळंबीला जागेवर बसवतं.

आता चार ते पाच मिनिटं हात लावू नका. झाकण तर मुळीच नको. आपल्याला घावनावर झाकण ठेवायची सवय असते, इथे ते वाफ कोंडतं. कडा सोनेरी झाल्या आणि पॅन हलवल्यावर अख्खं पाजॉन सरकायला लागलं की उलटायची वेळ झाली. सरकत नसेल तर ते अजून धरलेलं आहे, उलथनं घालाल तर फाटेल.

उलटायला सपाट ताटली घ्या. पाजॉन ताटलीवर सरकवा, पॅन त्यावर पालथं घाला, दोन्ही धरून झटक्यात फिरवा. त्याआधी पॅनमधलं जास्तीचं तेल वाटीत काढून ठेवा, नाहीतर मनगटावर येतं. उलटल्यावर तेच तेल कडेने परत सोडा आणि उलथन्याने दाबा: मधे, कडांना, पुन्हा मधे. चुर्र आवाज झाला म्हणजे ओलावा बाहेर पडतोय. ही बाजू तीन-चार मिनिटं. मग पुन्हा उलटून मोठ्या आचेवर एक मिनिट, तेवढ्याने पहिल्या बाजूचा कुरकुरीतपणा परत येतो.

काढून जाळीवर ठेवा. ताटात ठेवलं तर खाली घाम सुटतो, आणि स्टीलच्या डब्यात बंद केलं तर पाच मिनिटांत सगळी मेहनत मऊ. कोरियात कात्रीने किंवा सुरीने घासाएवढे चौकोनी तुकडे करतात. आपणही तसंच करावं. आठ त्रिकोण केले की टोकं लोंबतात.

बिघडलं तर कुठे पाहायचं? मधे कच्चं आणि कडा करपलेल्या म्हणजे आच मोठी आणि थर जाड. पीठ कमी घ्या, आच सारखी कमी-जास्त करत बसू नका. तेलकट झालं म्हणजे तेल तापायच्या आधी पीठ पडलं, किंवा दोन पाजॉनच्या मधे पॅन पुन्हा तापू दिलं नाही. फिकं आणि लवचीक म्हणजे तेल कमी. इथे हात आखडता घेऊन चालत नाही. खारट झालं तर फ्रोझन कोळंबीतलं मीठ धरायचं राहिलं, पुढच्या वेळी पिठातलं निम्मं करा.

काही व्हिडिओंत पाजॉन मऊ, ओलसर दिसतं आणि तरी लोक कौतुकाने खातात. ते बहुधा बुसान शहरातल्या दोंग्ने भागातल्या पद्धतीचं असतं. त्यात तांदळाचं आणि चिकट तांदळाचं पीठ असतं, वर अंडं, आणि ते मुद्दाम मऊच ठेवतात. सोबत गोचुजांग (आंबवलेली कोरियन मिरचीची पेस्ट), व्हिनेगर आणि साखर यांची आंबट-तिखट चटणी. तो वेगळा प्रकार आहे. आपलं नरम पडलेलं पाजॉन दोंग्ने पद्धतीचं म्हणून खपवू नये.

कुरकुरीत पाजॉनला पातळ चटणी हवी: सोया सॉस दोन मोठे चमचे, व्हिनेगर एक, पाणी एक, साखर अर्धा छोटा चमचा, भाजलेले तीळ, चिरलेली पात, चिमूटभर गोचुगारू (कोरियन लाल मिरचीची भरड) आणि थेंबभर भाजक्या तिळाचं तेल. चायनीजसाठी घरात असतो तो गडद सोया सॉस इथे कडवट आणि जड लागतो. फिका, नैसर्गिकरीत्या आंबवलेला घ्या. गोचुगारूऐवजी काश्मिरी मिरचीच्या बिया काढून जाडसर भरड करा. दुकानातली बारीक लाल पूड घातली तर चटणी चिखलासारखी होते. भाजक्या तिळाचं तेल नसेल तर आपलं कच्च्या तिळाचं तेल त्याची जागा घेत नाही. त्यापेक्षा एक चमचा तीळ खमंग भाजून खलबत्त्यात कुटून घाला.

उरलं तर दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी, किंवा एअर फ्रायरमध्ये 180 अंशांवर चार-पाच मिनिटं. मायक्रोवेव्ह केलं तर माकूळ चावता येत नाही. आणि घरात मासळी न खाणारं कोणी असेल तर त्यांचं पाजॉन आधी करा, नंतर नाही, कारण तेल तेच वापरलं जातं. त्यात कोळंबीऐवजी 120 ग्रॅम ऑयस्टर मश्रूम हाताने फाडून, कोरड्या पॅनमध्ये पाणी आटेपर्यंत परतून घाला. मश्रूम तर कोळंबीपेक्षाही जास्त पाणी सोडतात.